शाकारणी

मान दुखायला लागली तरी मी वरच बघत होते. खूप उंचावर, छताच्या तुळयांच्या मधोमध, लाकडाचे देवदूत पाठीला पाठ लावून बसवलेले. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला, आणि दोघांचे पंख पसरलेले. कधीकाळचा लाल आणि हिरवा रंग जुन्या लुगड्याच्या काठासारखा विटून गेलेला. वाशांवर पांढरट जमिनीवर फुलांची नक्षी, मधूनमधून येशूच्या नावाची अक्षरं. दोन्ही बाजूंच्या वरच्या खिडक्यांना रंगीत काच फारशी उरलेली नाही, त्यामुळे आत येणारा उजेड सफेद, मोकळा, समुद्राकाठचा. इंग्लंडमधली पुष्कळ जुनी चर्चं आतून काळोखी वाटतात. हे चर्च मात्र एखाद्या धुतलेल्या, सारवलेल्या अंगणासारखं.

तिथे एक वयस्क बाई होत्या. त्या चर्चच्या वॉर्डन. आपल्याकडे देवस्थानाचे पंच असतात तसं हे पद. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, दोघं, दरवर्षी निवडलेली, बिनपगारी. माझी वर गेलेली मान बघून त्यांनी कपाटातली दुर्बीण आणून दिली. म्हणाल्या, "पंख नीट बघा."

पंखात भोकं होती. बारीक, गोल, विखुरलेली.

"क्रॉमवेलचे सैनिक?" मी विचारलं. येण्याआधी मी कुठेतरी तसं वाचलं होतं.

त्यांनी मान हलवली. "जॅकडॉ," म्हणाल्या.

हे गाव सफोकमध्ये आहे. नाव लिहिताना ब्लाइथबर्ग असं काहीसं लिहितात, पण तिथली माणसं ब्लाइब्रा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. लेक इप्सविचला राहते. तिच्याकडे गेले की मला पॅरिश चर्चं बघायचा नाद लागतो. प्रार्थनेसाठी मी जात नाही, आणि मोठमोठी कॅथीड्रल बघायचीही फार ओढ नाही. गावाने गावासाठी बांधलेलं, गावाच्या वर्गणीवर उभं असलेलं काहीतरी बघायला मला आवडतं. ए-१२ हमरस्त्याने उत्तरेला निघालं की तासाभरात ब्लाइथ नदीची खाडी लागते. भरतीला चमचमणारं पाणी, ओहोटीला राखाडी चिखल आणि त्यावर चालणारे पक्षी. त्या सपाट प्रदेशात टेकाडावर हे चर्च एकटं, लांबलचक, राखी रंगाचं उभं. लोक त्याला 'दलदलीतलं कॅथीड्रल' म्हणतात. आजूबाजूला घरं मोजकीच. एवढ्याशा गावाला एवढं मोठं चर्च कशाला, हा प्रश्न कुणालाही पडावा.

गाव नेहमीच एवढंसं नव्हतं. सातव्या शतकात पूर्व अँग्लियाचा राजा अ‍ॅना इथून जवळ बुलकँपच्या लढाईत पडला आणि त्याचा देह ब्लाइब्राला आणला, अशी परंपरा आहे. म्हणजे तेव्हाही इथे देवाचं काहीतरी ठिकाण असणार. मध्ययुगात हे बंदर होतं, बाजार होता, शेजारी ऑगस्टिनियन साधूंचा छोटा मठ होता. पंधराव्या शतकात, साधारण १४१२ नंतर, गावाने आणि मठाने मिळून जुनं चर्च उतरवलं आणि हे उभारलं. फक्त चौदाव्या शतकातला मनोरा ठेवला. सगळं शतक त्यात गेलं म्हणायला हरकत नाही. लोक मरताना मृत्युपत्रात चर्चसाठी काही ना काही ठेवून जायचे, कुणी छतासाठी, कुणी खिडकीसाठी. गावचा मातब्बर जमीनदार जॉन हॉप्टन १४७८ साली वारला. त्याची काळसर पॉलिशदार दगडाची कबर आजही गाभाऱ्याच्या बाजूला आहे. वर बसवलेली पितळी प्रतिमा कधीच गेली, दगडात तिचा खड्डा तेवढा राहिला.

सफोकला चांगला दगड नाही. जमिनीत मिळते ती गारगोटी, चकमकीचा दगड. गारगोटी मोठ्या तुकड्यांत निघत नाही, तिला कोपरा येत नाही. म्हणून या भागात गोल मनोऱ्यांची चर्चं इतकी दिसतात: गोलाला कोपराच लागत नाही. ब्लाइब्रासारख्या ऐपतवान गावाने कोपऱ्यांसाठी दुरून कापीव दगड आणला आणि मधल्या भिंती गारगोटीने भरल्या. गारगोटी फोडली की आत काळी, काचेसारखी तकतकीत निघते. ती तकतकीत बाजू बाहेर ठेवून, फिक्या दगडाच्या चौकटीत बसवून त्यांनी नक्षी केली आहे. मी भिंतीवरून हात फिरवला. दगड गार आणि गुळगुळीत, पण दोन दगडांमधला चुना खरखरीत, किंचित मऊ, नखाने टोकरला तर भुगा निघेल असा. ही भिंत उभी आहे ती त्या मऊपणामुळे. गारगोटी पाणी पीत नाही. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडतं ते चुन्याच्या सांध्यातून. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कितीतरी ठिकाणी जुने सांधे खरवडून त्यात सिमेंट भरलं गेलं. सिमेंट कडक, त्यातून वाफ जात नाही. पाणी आत कोंडलं, थंडीत गोठलं, फुगलं, आणि बाहेरून मजबूत दिसणाऱ्या भिंती आतून खिळखिळ्या झाल्या. आता ते सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुना भरायचं काम चालू असतं, आणि तो खर्च आधीच्या खर्चाच्या कितीतरी पट.

चर्चवर घाव आले ते बाहेरून, असं आपण धरून चालतो. ब्लाइब्राला तसे घाव आले, हेही खरं. १५३० च्या दशकात आठव्या हेन्रीने मठ बंद केले, त्यात इथलाही गेला. चर्च गावाकडे राहिलं. पण गाभाऱ्याची डागडुजी ज्याने करायची तो धनी बदलला. इंग्लंडमधली जुनी रीत अशी की चर्चचा सभामंडप गावाने सांभाळायचा आणि गाभारा ज्याला तिथला दशांश कर मिळतो त्याने. मठ होता तोवर तो मठाने सांभाळला. पुढे कर गोळा करायचा हक्क खासगी माणसांकडे गेला, आणि हक्काबरोबर आलेलं छपराचं ओझं पुष्कळांनी टाळलं. एकाच छपराखाली दोन मालक असले की पाणी नेमकं सांध्यात झिरपतं.

४ ऑगस्ट १५७७, रविवार. सकाळची प्रार्थना चालू असताना वादळ आलं, मनोऱ्यावरचं शिखर कोसळलं आणि छतातून आत आलं. एक माणूस आणि एक मुलगा गेला. त्याच सकाळी बंगी या गावातल्या चर्चमध्येही तसंच झालं, आणि लंडनमध्ये एब्राहम फ्लेमिंग याने त्यावर पत्रक छापलं की सैतान काळ्या कुत्र्याच्या रूपात आला होता. ब्लाइब्राच्या उत्तरेकडच्या दारावर काळे जळके डाग आहेत. ते त्या कुत्र्याच्या पंजाचे, असं सांगतात. त्या दारापाशी गर्दी असते, मुलं डागांवर बोटं ठेवून फोटो काढतात. मीही बोट ठेवलं. लांबट, थेंबाच्या आकाराचे ते डाग, वर निमुळते. अशा खुणा इंग्लंडमधल्या पुष्कळ जुन्या लाकडांवर सापडतात. मेणबत्तीची ज्योत मुद्दाम एका जागी धरून त्या उमटवलेल्या असतात, अरिष्ट टळावं म्हणून. सैतान आला त्याची खूण म्हणून जे दाखवतात, ती बहुधा तो येऊ नये म्हणून कुणीतरी ज्योत धरून केलेली खूण आहे. मला ते कुत्र्यापेक्षा जास्त हलवून गेलं. विजेला भिणारं एक माणूस, हातात मेणबत्ती, दाराच्या फळीशी उभं.

मग १६४४. राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं, क्रॉमवेलच्या काळातलं यादवी युद्ध चालू होतं. विल्यम डाउझिंग नावाच्या माणसाला पार्लमेंटचा सेनापती अर्ल ऑफ मँचेस्टर याने अधिकारपत्र दिलं होतं: केंब्रिजशायर आणि सफोकमधल्या चर्चमधून मूर्ती, चित्रं, क्रूस, मृतांसाठी प्रार्थना करा असं सांगणारे लेख, सगळं काढून टाकायचं. तो अडीचशेहून अधिक चर्चमध्ये गेला आणि त्याने रोजनिशी ठेवली. ९ एप्रिलला तो ब्लाइब्राला आला. वीस चित्रं, वीस लाकडी देवदूत उतरवा, आणखी दोनशेहून जास्त चित्रं आठ दिवसांत काढा, असा हुकूम त्याने दिला. खिडक्यांतली रंगीत काच गेली. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावरचं कोरीव काम तासून सपाट केलं, त्या आठ बाजू अजून कोऱ्या आहेत. पण छतावरचे देवदूत राहिले. अशा हुकमांचा खर्च गावच्या वॉर्डननेच करायचा होता. तपासणीचे पैसेही पॅरिशने भरायचे, एका चर्चचे सहा शिलिंग आठ पेन्स. त्यावर एवढ्या उंचीवर परांची बांधायची, सुतार चढवायचे, तेही देवदूत काढण्यासाठी. आठ दिवस होऊन गेले, आठ वर्षं गेली, देवदूत तिथेच.

त्यामुळे पंखांतली भोकं बघितली की कुणाच्याही मनात तेच येणार. खाली उभं राहून धर्मांध शिपायांनी बंदुका झाडल्या असतील. खांबाला घोडे बांधले असतील. पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं गेलं. देवदूतांवर गोळ्या झाडणारा शत्रू असला की गोष्ट पुरी होते.

१९७० च्या दशकात छताची दुरुस्ती झाली तेव्हा लाकडात रुतलेले शिशाचे छर्रे निघाले. ते अठराव्या शतकातल्या बनावटीचे होते. आणि वॉर्डनच्या जमाखर्चाच्या वहीत १७६१ सालची नोंद मिळाली: चर्चमधले जॅकडॉ मारण्यासाठी खर्च.

जॅकडॉ हा कावळ्याच्याच कुळातला पक्षी, आपल्या कावळ्याहून लहान, मानेवर राखाडी झाक आणि डोळे फिकट, चांदीच्या टिकल्यांसारखे. पोकळीत घरटं बांधतो. मनोरा, धुराडं, खिडकीची फट, काहीही चालतं. काड्या टाकत राहायचं, त्यातली एखादी अडकेपर्यंत. अडकली की तिच्यावर पुढचं घर. बाकीच्या शेकडो काड्या खाली. काड्यांनी पन्हळ तुंबते, पाणी उलटं फिरून छताच्या लाकडात शिरतं, विष्ठेने लाकूड कुजतं आणि दगड झिजतो. १७६१ साली ब्लाइब्राच्या खिडक्या फुटलेल्या असणार, पाखरं सरळ आत. वॉर्डनने जे हाताशी होतं ते केलं. दारूगोळा घेतला, माणूस लावला, वर नेम धरायला सांगितला. पाखरं उडाली, आणि छर्रे देवदूतांच्या पंखात.

मी दुर्बीण खाली घेतली आणि बाकावर बसले. म्हणजे ही भोकं चर्च सांभाळणाऱ्यांनी पाडली होती.

तेव्हापासून ती १७६१ ची नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वॉर्डनला मी मनातल्या मनात दोष द्यायला गेले आणि जमलं नाही. गाव तोवर ओसरलं होतं. नदीत गाळ साचला, जहाजं मोठी झाली, बंदर बसलं. पंधराव्या शतकातल्या श्रीमंतीने बांधलेलं अवाढव्य छप्पर आता मूठभर शेतकऱ्यांच्या डोक्यावर होतं. आसपासच्या गावांनी काय केलं ते बघितलं की त्या मूठभरांची किंमत कळते. कोव्हहाइथच्या गावकऱ्यांनी १६७२ साली हात टेकले. त्यांनी आपल्या भव्य चर्चचं छप्पर उतरवलं आणि त्या भिंतींच्या आत, पेटाऱ्यात ठेवलेल्या डबीसारखं, एक छोटं गवताने शाकारलेलं चर्च बांधलं. वॉल्बर्सविकने १६९५ साली परवानगी काढून बहुतेक चर्च पाडलं आणि दक्षिणेची एक बाजू तेवढी प्रार्थनेसाठी ठेवली. डनविचचं बंदर तर समुद्रानेच गिळलं. त्याचं शेवटचं मध्ययुगीन चर्च, ऑल सेंट्स, १९०४ ते १९१९ च्या दरम्यान तुकड्यातुकड्याने कड्यावरून खाली गेलं. हे सगळं ब्लाइब्रापासून काही मैलांच्या आत. ब्लाइब्राने छप्पर उतरवलं नाही आणि ते पुरतं सांभाळताही आलं नाही. खिडक्या मोडल्या तशा विटांनी बुजवल्या. जिथे गळलं तिथे काहीतरी लावलं. पाखरं आली, गोळ्या घातल्या.

आमच्या कोकणातल्या घरी मे महिन्याच्या शेवटी शाकारणी असे. वडील पंचा गुंडाळून छपरावर चढत. कौलं परतायची, फुटकी काढायची, वाशात वाळवी लागली आहे का ते ठोकून बघायचं, पन्हळीतला पाचोळा उपसायचा. मी आणि भाऊ खालून एकेक कौल हातोहात वर द्यायचो. एखादं हातून सुटून फुटायचं, वडील काही बोलायचे नाहीत, दुसरं मागायचे. या कामाला मुहूर्त नसे, नारळ फुटत नसे. घर तसंच्या तसं दिसायचं, नवं काहीच नाही. पाऊस आत आला नाही हाच काय तो परिणाम, आणि तो कुणाला दिसणार?

आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, शाकारणी आणि जीर्णोद्धार. जीर्णोद्धाराला दगडी पाटी बसते. आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा सागवानी सभामंडप गेला, खांबांवरची कमळं गेली, गुळगुळीत फरशी आणि स्लॅब आला. कमिटीतल्या माणसांच्या मनात भक्तीच होती. वर्गणी मीही दिली होती. मला त्या खांबांची आठवण येते, अजून.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जीर्णोद्धाराची लाटच आली होती. हजारो चर्चं 'मूळ रूपात' आणायची म्हणून भिंतींवरचा जुना गिलावा खरवडला, त्याच्याबरोबर खालची चित्रं गेली, बाकं बदलली, जमिनीला नव्या चकचकीत फरशा आल्या. १८७७ साली कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली, स्पॅब या आद्याक्षरांनी ती आज ओळखली जाते. खरवडण्याला विरोध म्हणून तिला 'अँटी-स्क्रेप' हे टोपणनावही पडलं. तिचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर: जुन्याला पुन्हा जुनं बनवायला जाऊ नका, गळतंय तिथे दुरुस्त करा, आणि रोज करा. मॉरिसला मराठी येत असतं तर त्याने शाकारणी हा शब्द उचलला असता, असं मला मनापासून वाटतं.

ब्लाइब्राची पाळी लगेच आली. १८६८ साली चर्चसाठी घेतला जाणारा सक्तीचा कर बंद झाला होता, आता गाव जे देईल ते. लोक पावसात छत्र्या उघडून प्रार्थनेला बसायचे, असं सांगतात. १८८१ च्या डिसेंबरमध्ये इमारत धोकादायक ठरली आणि नॉरिचच्या बिशपने ती बंद केली. मग दुरुस्ती कशी करायची यावरून व्हिकर, म्हणजे इथला धर्मगुरू, आणि मॉरिसची संस्था यांच्यात जुंपली. पत्रांवर पत्रं गेली. व्हिकरला चर्च उघडायचं होतं, लोकांना आत घ्यायचं होतं. संस्थेला भीती होती की दुरुस्तीच्या नावाखाली नवंच काहीतरी उभं राहील. दोघांचंही मला पटतं. चर्च १८८४ साली उघडलं, पण पैसा हप्त्याहप्त्याने येत होता आणि काम त्याच्या मागे रखडत होतं. हात आखडता घ्यावा लागला म्हणूनच वाशांवरचा पंधराव्या शतकातला रंग आज दिसतो आहे. कुणीतरी पैसेवाला भक्त त्या वर्षी भेटला असता तर देवदूत सोन्याने लखलखत असते, आणि मी दोन मिनिटं बघून निघाले असते.

खालच्या जमिनीवरही तेच. विटा, फिके दगड, जुन्या कबरींच्या शिळा, जे होतं ते होतं तसं, वरखाली. बाकांच्या टोकांना ओकच्या छोट्या मूर्ती आहेत, माणसाच्या दुर्गुणांच्या. आळस अंथरुणात बसला आहे. लोभ पैशाच्या पेटीवर. खादाड आपलं पोट धरून. डोकी गुळगुळीत झाली आहेत, पाचशे-साडेपाचशे वर्षांचे तळवे त्यांच्यावरून गेले. खांबाशी एक दाढीवाला लाकडी बाहुला आहे, १६८२ सालचा. तो मान हलवून घंटेवर टोला मारतो. बाईंनी दोरी ओढून दाखवली. आवाज अपेक्षेपेक्षा पातळ, घरगुती, जेवायला बोलावल्यासारखा. १९६९ च्या जूनमध्ये इथून जवळच स्नेपचं संगीतगृह जळालं, तेव्हा संगीतकार बेंजामिन ब्रिटनने मोझार्टचा ऑपेरा 'इडोमेनिओ' याच छपराखाली केला होता. अजूनही उन्हाळ्यात इथे मैफली होतात, आणि त्यांचं भाडं छपराच्या कामी येतं.

"आता छताला काय लागतं?" मी विचारलं.

बाई हसल्या नाहीत. बोटांवर मोजायलाही लागल्या नाहीत, इतकं ते त्यांच्या तोंडावर होतं. दर पाच वर्षांनी वास्तुविशारद येऊन सगळी इमारत तपासतो. १९५५ च्या कायद्यापासून ही तपासणी चालत आली आहे. त्याच्या अहवालात तातडीचं काय, वर्षभरात काय, पाच वर्षांत काय, अशी वर्गवारी असते. एखादा दगड बदलायचा, एखादं बाक हलवायचं, तरी धर्मप्रांताची लेखी परवानगी लागते. सरकार नियमित पैसे देत नाही. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे सोळा हजार चर्चं, त्यातली बारा हजारांहून अधिक संरक्षित यादीत. देशातल्या पहिल्या श्रेणीच्या संरक्षित इमारतींपैकी जवळजवळ ४५ टक्के ही चर्चंच आहेत. आणि त्यांचा भार त्या त्या गावातल्या आठ-दहा माणसांवर, बहुतेक साठीच्या पुढच्या.

मग बाई शिशाबद्दल बोलल्या. जुन्या चर्चची छपरं शिशाच्या पत्र्याची असतात. शिसं उन्हात फुगतं, थंडीत आकसतं, आणि स्वतःच्या वजनाने उतारावरून हळूहळू घसरतं. पत्रा फार मोठा असला तर तो फाटतो, म्हणून लहान लहान तुकड्यांत, एकमेकांत दुमडून बसवावा लागतो. जीर्ण पत्रा वितळवून पुन्हा ओतता येतो, तेच शिसं, नवा पत्रा. कितीतरी गावांत काम संपल्यावर कारागीर पत्र्यावर बूट ठेवून त्याची बाह्यरेषा कोरायचे, आत नावाची अक्षरं आणि साल. शेकडो वर्षांपूर्वीची पावलं छपरांवर आहेत, खालून कुणालाच न दिसणारी. आणि भंगाराचा भाव चढला की रात्रीतून चोर हेच पत्रे गुंडाळून नेतात. सकाळी पाऊस आल्यावर गावाला कळतं.

ओकच्या जुन्या तुळयांत डेथवॉच नावाचा भुंगेरा असतो. त्याची अळी ओल्या लाकडात वर्षानुवर्षं, कधी दहा वर्षंसुद्धा, पोखरत राहते. वसंतात मोठा भुंगेरा जोडीदाराला बोलावण्यासाठी लाकडावर डोकं आपटतो. टक टक टक टक. पूर्वी आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना रात्री हा आवाज यायचा, म्हणून नावात मृत्यू. "लाकूड कोरडं ठेवलं तर तो तग धरत नाही," बाई म्हणाल्या. "सगळं पाण्यावरच येतं शेवटी."

बोलता बोलता आम्ही बाहेर आलो होतो. एप्रिलचा शेवट, वारा बोचरा. मनोऱ्याभोवती जॅकडॉ ओरडत फिरत होते, एकेकाच्या चोचीत काडी. आता त्यांना परवान्याशिवाय मारता येत नाही, आणि मारायचं बाईंच्या मनातही नव्हतं. मनोऱ्याच्या फटींना जाळी लावली होती, कुठे कुठे पक्ष्यांनी ती उचकटलीही होती.

उत्तरेच्या भिंतीशी, छपरावरून उतरणारा पाण्याचा नळ जिथे जमिनीला टेकतो, तिथे एक चौकोनी मोरी आहे, वर लोखंडी जाळी. बाईंनी गुडघ्याखाली रबराचा तुकडा घातला, जाळी उचलून बाजूला ठेवली आणि बागेतल्या लहान खुरप्याने आतलं उपसायला लागल्या. काळी, कुजलेली पानं. शेवाळ. काड्या, काड्या, काड्या. गारगोटीचे चार खडे. चुन्याचा एक पांढरट तुकडा निघाला, तो त्यांनी हातात धरून वर भिंतीकडे बघितलं, कुठून निसटला ते शोधलं, आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहून ठेवलं. मी वाकून बघितलं. तारीख, उत्तरेची मोरी, वरचा सांधा सुटला. वरच्या ओळी तशाच होत्या, वर्षभराच्या. पानं. बर्फ. जाळी तुटली. पानं.

"बादली भरून आणता का? नळ दाराशी आहे," त्या म्हणाल्या.

मी आणली. त्यांनी जाळी बसवून हात मागे घेतला आणि मला मानेने खूण केली. मी बादली ओतली. पाणी क्षणभर जाळीवर थांबलं, गोल फिरलं, आणि घळघळ करत खाली गेलं.